खटक्याचा चाकू

पाकिसोने चाकू उघडला, पात्याची पाठ दुकानाच्या लाकडी फळीवर टेकवली आणि मनगटाचा भार देऊन दाबली. खटका सुटला. पातं मागे वळून थेट त्याच्या बोटांवर आलं. तो तयारीत होता म्हणून बोटं वाचली.

"हा नको," तो म्हणाला.

"मोडून ठेव सगळे," फळीपलीकडून मामोकेते म्हणाली. दुकान तिचं होतं आणि मोखोत्लोंगच्या बाजारात तिच्या जिभेला सगळे वचकून असत. "हा चौथा. बायको करताना तरी इतकं दाबून पाहिलं होतंस का रे?"

दारातल्या बाकावर ऊन खात बसलेल्या दोघी बायका खुदखुदल्या. पाकिसोने चाकू मिटून बाजूला सारला.

मामोकेतेने काचेच्या कपाटातून एक लालभडक, चकचकीत चाकू काढून त्याच्यापुढे ठेवला. "हा बघ. यात कात्री आहे, पेचकस आहे, बाटली उघडायची सोय आहे. दात कोरायची काडीसुद्धा आहे."

"आणि चाकू कुठाय?"

आता बायका मामोकेतेवर हसल्या. तीही हसली. पाकिसो मात्र खाली मान घालून फळीवरचे ओरखडे पाहत राहिला. एरवी या दुकानात आला की तो तास तास रेंगाळायचा. गावात कुणालाही कातर, कुऱ्हाड, खोगिराचा पट्टा, काहीही घ्यायचं असलं की आधी पाकिसोला विचारत. दहा वर्षं खाणीत काढून आलेला माणूस. लोखंड त्याला हाताला लागताच कळतं, असं लोक म्हणत.

"घ्यायचाय कुणाला?"

"न्ताते खोआबानेंना." वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे सगळे न्ताते म्हणत. "त्यांना आता नीट दिसत नाही. मला म्हणाले, तूच निवडून आण."

मामोकेतेचा आवाज उतरला. "त्यांची ती करडी घोडी गेली ना? गाभण होती म्हणे." मग तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "अरे, म्हणजे कुऱ्हाड आणायला धावला तो तूच की! ऐकलं आम्ही. तो चढ म्हणजे धडधाकट घोड्यालाही दम लागतो. शेजारी असावा तर असा."

पाकिसोने खांद्यावरच्या घोंगडीची पिन काढली आणि पुन्हा लावली.

"त्यांचा आधीचा कसा होता? तसाच मिळतो का पाहते."

"लाकडी मुठीचा. मुठीच्या टोकाशी कडी. कडी ओढली की खटका सुटतो आणि पातं मिटतं. मूठ एवढी," त्याने बोटांनी अंतर दाखवलं, "आणि मध्ये जरा फुगीर. थंडीत बोटं बधिर झाली तरी हातात घट्ट बसायची."

"मोजून ठेवल्यासारखं सांगतोस."

ती मागच्या खोलीत जुनी खोकी धुंडाळायला गेली. बाकावरच्या बायकांची पाठ इकडे होती. पाकिसोने उजव्या खिशात हात घातला, एक चाकू बाहेर काढला आणि फळीवरच्या चाकूंपैकी एकाशेजारी ठेवून पाहिला. खिशातल्या चाकूची मूठ घामाने आणि चरबीने काळी पडली होती. वर्षानुवर्षं दगडावर घासून पातं अरुंद झालं होतं. मूळची कडी कधीतरी तुटली असावी. तिच्या जागी तांब्याच्या तारेचा वेढा होता. तो वेढा खोआबानेंनी स्वतः घातला होता.

आतून खोकं सरकल्याचा आवाज आला, तसा त्याने चाकू पुन्हा खिशात ढकलला.

तो त्याने चोरला नव्हता. निदान सुरुवातीला तरी नाही. मेंढ्यांच्या कातरणीच्या दिवसांत लोकरीच्या शेडमध्ये, गाठोडी उचलताना एका गोणपाटाखाली तो त्याला सापडला. कुणाचा आहे हे त्याला तेव्हाच कळलं. सगळ्या गावाला तो चाकू ठाऊक होता. संध्याकाळी नेऊन देऊ म्हणून त्याने खिशात टाकला. संध्याकाळी एका मेंढीचा खूर कोरायला तो वापरून पाहिला आणि त्याच्या मनात आलं, उद्या देऊ. दुसऱ्या दिवशी खोआबाने शेडच्या दारात उभे राहून मोठ्याने म्हणाले, "अरे, माझा चाकू कुणी पाहिला का?" कुणीतरी म्हणालं, खालच्या गावचे कातरणारे काल लवकर पांगले, गेला असेल त्यांच्याबरोबर. सगळे हसले. पाकिसोच्या हातात लोकरीचा मोठा गठ्ठा होता. तो खाली ठेवून बोलू, असं म्हणेपर्यंत म्हातारा पुढच्या शेडकडे गेला होता.

त्यानंतर तो परत देणं दिवसागणिक अधिक अवघड होत गेलं. आठवडा उलटला, महिना उलटला. चार माणसांत तो चाकू काढता येत नव्हता आणि घरी ठेवला तर बायकोच्या हाती लागेल, म्हणून तो खिशातच राहिला.

मग मक्याची कणसं भरत आली होती त्या दिवसांत, एका दुपारी, झऱ्याच्या वरच्या उतारावर बांधलेली खोआबानेंची घोडी पाय घसरून घळीच्या काठाशी कोसळली. दोर खडकात अडकला. म्हाताऱ्याची हाक ऐकून पाकिसो पोचला तेव्हा घोडीचे मागचे पाय घळीत लटकत होते आणि दोर गळ्यात रुतला होता. गाठ पाण्याने फुगून दगड झाली होती. दोघांनी ओढून पाहिलं, नखांनी उकलून पाहिलं. म्हाताऱ्याचा हात सवयीने स्वतःच्या खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला.

"चाकू!" ते ओरडले. "पाकिसो, चाकू आहे का?"

पाकिसोचा हात घोंगडीखाली चाकूवर होता. मूठ त्याच्या तळव्यात होती. काढला, तर म्हातारा बघणार. एवढाच विचार त्याच्या मनात आला, दुसरा कुठलाही नाही.

"नाही," तो म्हणाला. "घरी कुऱ्हाड आहे. आणतो."

आणि तो धावला. तो चढ तो छाती फुटेस्तोवर धावला आणि प्रत्येक पावलाला खिशातला चाकू मांडीवर आपटत होता. वाटेत दोनदा त्याला वाटलं, थांबावं आणि मागे फिरावं. पण मागे फिरून काय सांगायचं, ते सुचेना. म्हणून तो आणखी जोरात धावला. कुऱ्हाड घेऊन उतरला तेव्हा घोडी थंड व्हायला लागली होती. खोआबाने तिच्या मानेशी बसले होते. त्यांनी पाकिसोचा धपापता खांदा थोपटला.

"तू तुझ्याकडून शिकस्त केलीस रे," ते म्हणाले.

तेव्हापासून गावात जो तो पाकिसोचं कौतुक करत होता.

"हे घे," मामोकेते बाहेर आली. तिच्या हातात धूळ बसलेलं पुठ्ठ्याचं खोकं होतं. "जुना माल. चकाकत नाही म्हणून कुणी घेत नाही."

पाकिसोने एक उचलला. लाकडी मूठ, साधं पोलाद. ठेवून दिलं तर गंजेल, पण नदीच्या दगडावरही धार लागेल असं. त्याने उघडला. खटका बसल्याचा आवाज भरीव आला. त्याने पात्याची पाठ फळीवर टेकवून दाबली, मग दोन्ही हातांनी दाबली. पातं हललं नाही. कडीत बोट घालून ओढली, तसं ते मुकाट मिटलं. त्याने डोळे मिटून पुन्हा एकदा उघडझाप केली, कारण म्हाताऱ्याला ते डोळ्यांनी करता येणार नव्हतं.

"हा द्या."

"आणि तुला? तुझा कुठाय? दाखव, बघू तुझी आवड."

"मी नाही ठेवत," पाकिसो म्हणाला.

मामोकेतेने चाकू कागदात गुंडाळला. "नवल आहे," ती म्हणाली. "डोंगरातला पुरुष आणि खिशात चाकू नाही."

घोड्यावरून गावी पोचेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. त्याची बायको मालिनेओ अंगणात मक्याचे दाणे सोलत बसली होती. त्याने कागद उलगडून नवा चाकू तिच्यापुढे धरला. तिने हात पुसून तो घेतला आणि वजन पाहिल्यासारखा धरला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "लिनेओचे बाबा, आता दोन्ही नेऊन द्या."

पाकिसो घोड्याचा पट्टा सोडत होता. तो तसाच थांबला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुमची विजार कोण धुतं?" ती कणीस हातात फिरवत राहिली. "कातरणी उरकली त्या आठवड्यात सापडला. मी पुन्हा खिशात ठेवला. म्हटलं, देतील. मग घोडी मेली." तिने दाण्यांची मूठ टोपलीत टाकली. "झऱ्यावर रोज त्यांची सून माझ्या शेजारी बसते. तुमचे मालक कसे धावले, म्हणते. मी घडा भरते आणि गप्प घरी येते. मीही बोलले नाही, तेव्हा मी काय तुम्हाला शहाणपण शिकवू? पण मला आता तिच्या शेजारी बसवत नाही."

सकाळी गवतावरचं दहिवर विरलं तसा तो खोआबानेंच्या घरी गेला. म्हातारा झोपडीपुढच्या बोरूच्या कुडाआड बसून, चाचपत, खोगिराचा पट्टा शिवत होता. घोडी राहिली नव्हती, तरी खोगीर दुरुस्त चाललं होतं.

"ये पाकिसो. आणलास?"

त्याने नवा चाकू त्यांच्या हातात दिला. खोआबानेंनी तो उघडला, मान कलती करून खटका ऐकला, पात्यावरून आडवा अंगठा फिरवला. मग मिटला, पुन्हा उघडला. त्यांचा चेहरा उजळला.

"असाच हवा होता. मला ठाऊक होतं, तुला कळेल."

पाकिसो उकिडवा बसला. त्याने उजव्या खिशात हात घातला आणि जुना चाकू म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या घोंगडीवर ठेवला.

खोआबानेंची बोटं त्याच्यावर गेली, मुठीवरून सरकत टोकाशी आली आणि तांब्याच्या वेढ्यापाशी थांबली. कुडापलीकडे कोंबडी माती उकरत होती.

"कुठे सापडला?"

"शेडमध्ये. गोणपाटाखाली."

"कधी?"

"कातरणीच्या वेळी. दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात उभं राहून विचारलंत ना, तेव्हा माझ्याकडेच होता."

म्हाताऱ्याचा अंगठा वेढ्यावरून पुढे-मागे होत होता. मग त्याने विचारलं, "आणि घळीत?"

"खिशात होता, न्ताते."

"कुठल्या?"

"उजव्या."

खोआबानेंनी मान हलवली, जणू हिशेबातली एवढीच एक गोष्ट त्यांना कळायची राहिली होती. बराच वेळ ते पट्ट्यातली सुई शोधत राहिले. सुई दोऱ्यालाच लटकत होती. पाकिसोने ती दाखवली नाही. हात पुढे करायची त्याची हिंमत झाली नाही.

"तू वर धावलास," म्हातारा अखेर म्हणाला, "तेव्हा तिची मान माझ्या मांडीवर होती. मी तिच्या कानात सांगत होतो, थोडं धर बाई, पाकिसो येतोय. ते नाव ऐकलं की ती कान हलवायची. तू तिला मीठ चारायचास ना."

पाकिसोने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. म्हाताऱ्याने त्याला रडू दिलं. थोपटलं नाही, रागावलाही नाही. रडणं ओसरलं तेव्हा जुना चाकू त्याने पाकिसोच्या पायाशी टाकला.

"हा घेऊन जा."

"न्ताते, तुमचा आहे तो."

"माझ्याकडे चाकू आहे," खोआबाने म्हणाले आणि नवा खिशात घालून, कुडाला धरत धरत आत गेले.

पाकिसो वाट पाहत राहिला. गावप्रमुखाकडून बोलावणं येईल, म्हाताऱ्याचे मुलगे दारात येऊन उभे राहतील, भरपाईला घोडा मागतील. त्याने स्वतःचा तरणा घोडा खरारा करून तयार ठेवला होता. एकदा तो घोडा घेऊन गेलाही, पण खोआबानेंनी दारातूनच विचारलं, "कुठे निघालास?" आणि त्याला घोड्यासकट परत यावं लागलं. कुणी आलं नाही. झऱ्यावर म्हाताऱ्याची सून मालिनेओशी पूर्वीसारखीच बोलत होती. म्हणजे म्हाताऱ्याने घरातही तोंड उघडलं नव्हतं. रस्त्यात भेटला की तो सगळ्यांसारखंच पाकिसोलाही "शांती असो" म्हणायचा आणि पुढे जायचा. लोक अजूनही त्याच्या धावण्याची गोष्ट सांगत. जुना चाकू आता घरी ठेवायला हरकत नव्हती. पण पाकिसोला तो खिशाबाहेर ठेववेना, आणि खिशातही सोसवेना.

थंडी पडली. गावप्रमुखाच्या मुलीच्या लग्नाचा बैल कापला आणि पुरुष रिवाजाप्रमाणे गुरांच्या वाड्याच्या दगडी भिंतीला पाठ लावून उन्हात बसले. ज्वारीच्या बिअरचा डबा फिरला. उकडलेल्या मांसाची परात आली, तसे घोंगड्यांखालून चाकू निघाले. खटके वाजले. प्रत्येकजण आपापल्या चाकूने आपला तुकडा कापून घेऊ लागला.

परात सरकवत होता तो सेलोमो, गावातला सगळ्यात बोलभांड माणूस. पाकिसोपर्यंत पोचण्याआधीच तो त्याच्याकडे पाहून हसला.

"थांबा, थांबा! याला कुणीतरी कापून द्या. दुसऱ्यांना बाजारातून चाकू निवडून आणतो आणि स्वतः बिचारा दातांनी तोडतो. पाकिसो, त्यापेक्षा पुढच्या खेपेला कुऱ्हाडच आण. तुला धावायची सवय आहे!"

भिंतीच्या कडेने हशा उसळला. त्यात मायाच होती. पलीकडे, तीन माणसं सोडून, खोआबाने आपला तुकडा हाडापासून सोडवत होते. ते हसले नाहीत. त्यांनी मानही वर केली नाही.

पाकिसोने उजव्या खिशात हात घातला आणि चाकू काढून उघडला.

खटका वाजला, तेव्हा हसणं अजून चाललंच होतं. मग जवळच्यांच्या लक्षात आलं. सेलोमो पुढे वाकला.

"अरे! हा तर न्ताते खोआबानेंचा. ती तार बघा." त्याने आनंदाने म्हाताऱ्याकडे पाहिलं. "सापडला की हो तुमचा! कुठे सापडला, न्ताते?"

"मला कशाला विचारतोस?" खोआबाने म्हणाले. "चाकू काय माझ्या हातात आहे?"

सगळ्यांच्या नजरा पाकिसोकडे वळल्या. त्याला वाटलं, आत्ता, या घटकेला, अजूनही काहीतरी सांगता येईल. काल सापडला, नदीत सापडला, खालच्या गावच्या माणसाने आणून दिला. म्हाताऱ्याने त्याला तेवढी वाट मोकळी ठेवली होती. ती किती रुंद होती ते दिसताच त्याला स्वतःची लाज वाटली.

"कातरणीच्या वेळी सापडला," तो म्हणाला. "शेडमध्ये. मी दिला नाही."

"कातरणीच्या?" सेलोमोच्या चेहऱ्यावर हसू अजून तसंच होतं. "मग तेव्हापासून... पण मग घोडी..." आणि तो थांबला.

"हो," पाकिसो म्हणाला. "घोडीच्या वेळी खिशात होता. त्यांनी मागितला. मी नाही म्हणालो. आणि कुऱ्हाड आणायला धावलो."

कुणाचा तरी चाकू मांसात रुतून तसाच राहिला होता. वाड्यात एक वासरू खोकलं. परातीच्या कडेला चरबी थिजून पांढरी पडू लागली होती. पाकिसोच्या शेजारचा माणूस घोंगडी सारखी करत किंचित दूर झाला. पाकिसोने उठायला भिंतीवर हात टेकला.

सेलोमोच्या हातात परात होती. ती पुढे न्यावी की याला चुकवून पलीकडच्याला द्यावी, ते त्याला कळेना. त्याने खोआबानेंकडे पाहिलं. खोआबाने चघळत होते. शेवटी सेलोमोने परात पाकिसोपुढे ठेवली. रांगेत त्याचाच नंबर होता.

पाकिसो पुन्हा खाली बसला. त्याने कडेचा, सगळ्यात लहान तुकडा धरला आणि पातं टेकवलं.

"मोठा घे," खोआबाने पलीकडून म्हणाले. "परात संपेपर्यंत बसायचंय तुला."